हरायचं तर चारचौघांत

ज्या दुकानाने तीस वर्षं आपला खिसा कापला, ते दुकान बसू नये म्हणून जीव टाकणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. मध्य नागपुरातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दुपारी तीननंतर भेटतं ते.

जिना चढून गेलं की पत्त्यांच्या क्लबचं जाळीचं दार आणि दाराशी वही. वहीत नाव लिहायचं, वीस रुपये द्यायचे, आत बसायचं. कधीकाळी आत अकरा टेबलं होती आणि रविवारी बाराव्यासाठी गच्चीच्या दारात सतरंजी अंथरावी लागायची. आता तीन लागतात, पोळ्याला चार. कूलरची मोटर मागच्या उन्हाळ्यात जळली, ती अजून तशीच आहे. मे महिन्यात नागपूरच्या दुसऱ्या मजल्यावर कूलरविना बसणं म्हणजे काय, हे बाहेरगावच्यांना सांगून कळायचं नाही. चहा आधी फुकट होता, मग पाच रुपये झाला, आता खालून मागवावा लागतो. पण मला सगळ्यात जास्त लागली ती इस्पिकची राणी. एका कॅटमधल्या या राणीचा कोपरा दुमडलेला आहे, त्यामुळे ती कोणाच्या हातात आहे हे टेबलावरच्या सगळ्यांना दिसतं. पूर्वी असलं पान निघालं की मॅनेजर अख्खा कॅट बाजूला फेकून नवा फोडायचा. आता महिन्याची एक तारीख आल्याशिवाय नवा कॅट नाही. म्हणून त्या टेबलाने आपसांत ठरवून टाकलंय की राणी दिसली तरी दिसली नाही असं समजायचं. जन्मभर एकमेकांच्या हातातली पानं ताडण्यात घालवलेली माणसं एका म्हाताऱ्या राणीकडे सभ्यपणे काणाडोळा करतात.

मी तिथं खेळत नाही. माझा शाळेपासूनचा दोस्त तिथला जुना सभासद आहे, त्याच्यासोबत जाऊन बसतो. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जवसुलीत झाली, त्यामुळे हरलेली माणसं पाहायची सवय आहे. सवय सुटत नाही म्हणा.

क्लब का बसला, असं विचारलं तर तीन टेबलांवर पंधरा कारणं मिळतात. कॉटन मार्केटचे एक अडते म्हणतात, मोबाइलनं खाल्लं सगळं. स्पेअर पार्टचं दुकान असलेले दुसरे म्हणतात, पोलिसांचा ताप वाढला. तिसऱ्यांच्या मते नव्या पोरांना पत्ते पिसताच येत नाहीत, दोन कॅट एकत्र हातात दिले तर अर्धे खाली सांडतात. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘बंद पडला तर बरंच होईल न भाऊ, पैसे तरी वाचतील.’ हे त्यांनी दिवाळीत म्हटलं, संक्रांतीला म्हटलं, परवाही म्हटलं, आणि दर वेळी पान उचलता उचलता म्हटलं. जुगार वाईट असतो म्हणून क्लब बसला, असं मात्र अजून कोणी म्हणालेलं नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, एक अड्डा आपल्या मरणाने मरतोय, शहर तेवढं स्वच्छ झालं. नोकरीत असतो तर मीही तेच म्हटलं असतं. आज मला तसं वाटत नाही. जुगार काही कमी झालेला नाही, त्याचे साक्षीदार कमी झाले आहेत. आणि सरकारला जुगाराबद्दल जे ठरवायचं आहे ते त्याने ‘कौशल्य की नशीब’ या दीडशे वर्षांच्या जुन्या वादावर न ठरवता, हरणारा माणूस हरताना कोणाला दिसतो, या साध्या प्रश्नावर ठरवावं, असं माझं म्हणणं आहे.

हे मला सुचलं ते एकाच घरातल्या दोन माणसांवरून.

माझे मामा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी उभी केलेली ही गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली, आता तिथं मॉल आहे. मामा सट्टापट्टी लावायचे. मुंबईत ज्याला मटका म्हणतात त्याला आमच्याकडे पट्टीच म्हणतात. या खेळाची कुळकथा मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईत यायचे, त्या भावांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. पुढे ते बंद पडलं तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. चिठ्ठ्या किंवा पत्ते काढून आकडा जाहीर व्हायला लागला. कापसाच्या भावावरून जन्मलेला खेळ कापसाच्या गिरणीतल्या मजुरानं खेळावा, यात मामांना काही विशेष वाटत नसे. दहातला एक आकडा धरायचा, लागला तर एकाला नऊ. म्हणजे धंदा करणारा दर दहा रुपयांत एक रुपया बसल्या जागी घेणार. हा हिशेब मी मामांना कॉलेजात असताना मांडून दाखवला होता. ते म्हणाले, ‘तुले गणित येते, मले आकडा येते.’

मामा हरले की संध्याकाळच्या आत मामीला कळायचं. पट्टी घेणारा पानठेलेवाला आणि मामी एकाच नळावर पाणी भरायच्या वस्तीतले. ठेलेवाल्याची बायको बादली लावता लावता सांगून टाकायची. पगाराच्या दिवशी मामी गिरणीच्या फाटकावर उभी राहायची. एकटी नव्हे, पाचसहा जणी असायच्या. मामांनी आयुष्यात पैसा उडवला, नाही असं नाही, पण घर उडालं नाही. ते मामांच्या शहाणपणामुळे वाचलं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. वाचलं ते नळावरच्या गप्पांमुळे.

त्याच मामांचा मुलगा २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी बसला होता. फोनवर आधी क्रिकेटची टीम लावायचा, मग रमी, मग कोणीतरी दिलेली आयडी. ‘आयडी’ म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. व्हॉट्सॲपवर एक माणूस आपल्याला नाव आणि पासवर्ड देतो, पैसे त्याच्या खात्यात टाकायचे, मग परदेशातल्या कुठल्याशा साइटवर सगळं काही लावता येतं. बुकी कधी भेटत नाही, वलन, म्हणजे हारजितीचा हिशेब, तेवढं वेळेवर होतं. नऊ महिन्यांत माझा मामेभाऊ साडेसहा लाख रुपये हरला. त्यासाठी कर्ज अकरा वेगवेगळ्या ॲपवरून घेतलेलं होतं आणि त्यातलं सर्वांत लहान तीन हजारांचं होतं. घरच्यांना कळलं ते वसुलीवाल्यांनी फोनमधल्या नंबरांवर फोन लावायला सुरुवात केली तेव्हा, म्हणजे सगळं संपल्यावर. या नऊ महिन्यांत तो रोज रात्री आईसोबत जेवत होता. मी वसुलीतला माणूस, दर रविवारी त्याच्यासमोर बसत होतो, आणि मला वास लागला नाही.

त्याची बायको मला म्हणाली, ‘मामंजी पट्टी लावायचे तेव्हा सासूबाईंना माहीत तरी असायचं, कुठं आहेत. हे तर समोर सोफ्यावरच होते.’

आता कायद्याकडे येतो. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांतात. १८६७ साली इंग्रजांनी सार्वजनिक जुगाराचा कायदा केला, त्यात मध्य प्रांत होताच. मुंबई इलाख्याने १८८७ मध्ये आपला वेगळा केला; विदर्भ पुढे द्विभाषिक राज्यात आणि मग महाराष्ट्रात आल्यावर तोच आपल्यालाही लागू झाला. त्या कायद्याचा राग आहे तो जागेवर. घर, खोली, आवार, जिथं लोक जमून जुगार खेळतात ती जागा गुन्ह्याची. मालक गुन्हेगार, खेळणारेही गुन्हेगार. त्यातून सुटका फक्त निव्वळ कौशल्याच्या खेळाला. मग रमी कौशल्याची की नशिबाची? सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितलं की रमीत कौशल्याचा भाग वरचढ आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं ठेवायचं कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. तीन पत्ती मात्र निव्वळ नशीब. त्याच निकालात आणखी एक बारीक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. क्लब बसण्याची आणि पत्त्यांची माफक फी घेत असेल तर हरकत नाही, पण खेळातून नफा उकळत असेल किंवा खेळणारे पैसे लावत असतील तर गोष्ट वेगळी. पैसे लावलेल्या रमीवर निरनिराळ्या उच्च न्यायालयांचा सूर पुढे एकसारखा राहिला नाही. त्यामुळे आमच्या दुसऱ्या मजल्यावरची माणसं कायदेशीर आहेत की बेकायदेशीर, हे त्या दिवशी ठाणेदार कोण आहे यावर ठरतं.

धाडीची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. ‘जुगार अड्ड्यावर धाड, नऊ जण ताब्यात, रोख, ५२ ताशपत्ते आणि पाच दुचाकी असा दोन लाखांचा मुद्देमाल जप्त.’ नीट पाहिलं तर टेबलावरची रोख असते चार-सहा हजार. लाखाची किंमत येते ती खाली लावलेल्या गाड्यांमुळे.

याच्या शेजारी दुसरी बातमी ठेवून पाहा. २०२३ च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार गाजली. ऑनलाइन जुगारात त्याचे सुमारे ५८ कोटी गेले होते. पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घातला तर नोटा मोजायला यंत्रं लागली आणि सोनं निघालं ते किलोंनी. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडमधून पसरलेल्या महादेव या सट्ट्याच्या ॲपचं प्रकरण देशभर पोचलं. यात कुठं ५२ पत्ते नव्हते, दुचाकी नव्हत्या. खोलीच नव्हती. खोलीवर रागावलेल्या १८८७ च्या कायद्याने धाड टाकायची तरी कशावर?

मग २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून ऑनलाइन खेळवणं बंद, मग ते कौशल्याचं असो की नशिबाचं. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणारा मात्र गुन्हेगार नाही, तो पीडित. राष्ट्रपतींची सही झाली ती २२ ऑगस्टला, नेमकी पोळ्याच्या दिवशी. विदर्भात पोळ्याला काय चालतं हे दिल्लीला ठाऊक असण्याचं कारण नाही. बैल पुजून झाले, पुरणपोळी झाली की गावोगावी पत्ते बसतात आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळी ईडापीडा गावाबाहेर काढली जाते. त्या दोन दिवसांत कायद्याच्या दोन तऱ्हा एकाच शहरात नांदत होत्या. पॉइंटला रुपया लावून चार जणांसोबत बसला तो आरोपी, फोनवर लाखांनी हरला तो पीडित. मी पीडित या शब्दावर हसत नाही, माझ्या घरातच एक आहे. पण मग दुसऱ्या मजल्यावरच्या सरांनी काय घोडं मारलंय?

हा कायदा आला आणि मोठमोठी ॲप रातोरात थांबली, हे खरं आहे आणि चांगलं आहे. मी त्याच्या बाजूने आहे. मात्र आयडी थांबल्या नाहीत. त्यांना आधीही परवानगी नव्हती, त्यामुळे ती काढून घ्यायचा प्रश्नच आला नाही.

सरकारच्या नैतिकतेबद्दल फार बोलू नये. याच राज्याने १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवली आहे. याच राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर लावणारा कायदा केला, मग तो सत्तेचाळीस वर्षं अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. मधल्या काळात जितकी सरकारं आली तितक्यांनी तो कायदा फडताळात ठेवला, हो म्हणाली नाहीत की नाही म्हणाली नाहीत. शेवटी रद्द केला तेव्हा गृहखातं नागपूरकर देवेंद्र फडणवीसांकडे होतं आणि त्यांनी महाराष्ट्रात कॅसिनो नको अशी भूमिका उघड घेतली. ती भूमिका मला मान्य आहे. केंद्राचं म्हणाल तर कॅसिनो, लॉटरी, घोड्यांच्या शर्यती यांच्यावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. २०२५ च्या जुलैत तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी चालल्याचा व्हिडिओ आला. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. आठपंधरा दिवसांत त्यांच्याकडचं शेती खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. क्लबमध्ये त्या दिवशी टाळ्या वाजल्या होत्या.

कौशल्य की नशीब हा वाद मला पोकळ का वाटतो, ते सांगायला एक जुनी गोष्ट पुरेशी आहे आणि ती आपलीच आहे. दमयंती विदर्भाची लेक, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर ते हेच, असं आपण मानतो. नळ फाशांच्या खेळात भाऊ पुष्कराकडे राज्य हरला. शाळेत आपल्याला इतकंच शिकवतात आणि जुगार वाईट म्हणून धडा संपवतात. पण पुढे काय झालं? नळाने ऋतुपर्ण राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकून घेतली, परत येऊन पुष्कराशी पुन्हा डाव मांडला आणि राज्य जिंकून घेतलं. म्हणजे पहिल्यांदा नशीब आणि दुसऱ्यांदा कौशल्य, खेळ तोच. या कथेवरून न्यायालयाने निकाल द्यायचा तर काय देईल?

माझं लक्ष जातं ते मधल्या एका प्रसंगाकडे. नळ हरत होता ते काही बंद दाराआड नव्हे. नगरजन राजवाड्याच्या दाराशी जमले, मंत्री आले, दमयंतीने त्यांचा निरोप आत नेला. नळाने मान वर केली नाही. तेव्हा माझ्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरण मीच देतोय. सगळं गाव बघत होतं तरी तो थांबला नाही. साक्षीदार असले म्हणजे जुगारी थांबतो, असा माझा दावा नाहीच. पण दमयंतीला दिसत होतं. दिसत होतं म्हणून तिने वेळ असताना सारथी बोलावला, दोन्ही लेकरं रथात बसवली आणि विदर्भाला आजोळी पाठवून दिली. राज्य गेलं, मुलं वाचली. माझ्या मामेभावाच्या बायकोला तेवढीही संधी मिळाली नाही. तिच्या मुलीच्या नावाची ठेव मोडून चार महिने झाल्यावर तिला कळलं.

इथं कोणीतरी म्हणतंच, की मग विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात एक झकपक कॅसिनो उघडा की, सगळं कॅमेऱ्यासमोर होईल, गोव्याला जाणारा पैसा नागपुरात राहील. हे आमच्या क्लबमध्येही ऐकू येतं, विशेषतः जे वर्षातून दोनदा विमानाने गोव्याला मांडवी नदीवरच्या कॅसिनोच्या जहाजांत जाऊन येतात त्यांच्याकडून. हल्ली तेही कुरकुरत असतात. पूर्वीसारखी बडदास्त राहिली नाही, चिप्स घेतानाच कर कापतात, जेवणात दम नाही. हरायला हजार किलोमीटर जायचं आणि तक्रार जेवणाची करायची.

कॅसिनोवाल्यांची गोष्ट क्लबपेक्षा मुळातच वेगळी आहे आणि त्यात कॅमेऱ्याने काही फरक पडत नाही. रूलेटच्या चक्रावर शून्य धरून ३७ घरं असतात, एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर लावलेले पैसे परत आणि वर ३५ पट मिळतात. शंभर रुपये फिरले की सरासरी दोन रुपये सत्तर पैसे मालकाचे. मामांच्या पट्टीपेक्षा हे स्वस्त वाटेल, पण पट्टी दिवसातून एकदोनदा फुटायची आणि चक्र दर दोन मिनिटांनी फिरतं. शिवाय खेळणारा लढतो तो मालकाशीच. तो जितका जास्त वेळ बसेल, जितकं मोठं लावेल तितका मालकाचा फायदा. म्हणून खिडक्या नसतात, भिंतीवर घड्याळ दिसत नाही. आमच्या मॅनेजरला वीस रुपये मिळतात, कोणी पॉइंटला रुपया लावो की आठ आणे. साडेआठ वाजले की त्याला घरी जायची घाई असते, तो एकेक पंखा बंद करत येतो. नागपुरात पंखा बंद करणं म्हणजेच उठा म्हणणं.

खुद्द कॅसिनो चालवणारी सरकारंदेखील आपल्या माणसांना आत सोडायला कचरतात. नेपाळमध्ये नेपाळी नागरिकाला कॅसिनोत बंदी आहे. सिंगापूरने २०१० मध्ये कॅसिनो उघडले, पण तिथल्या रहिवाशाला आत जायला दिवसाला १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात आणि घरच्यांनी अर्ज केला तर त्याला दारातूनच परत पाठवतात. गोव्यात १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर कॅसिनो आले. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना तिथं जुगार खेळायला मनाई झाली. याचा अर्थ गोव्याने ठरवलं की हरायला आपला माणूस नको, नागपूरचा चालेल. मिहानमध्ये कॅसिनो झाला तर नागपूरच्या माणसाला दार बंद ठेवून तो कोणाच्या पैशावर चालणार? ताडोब्याला वाघ पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या?

तेव्हा मला कॅसिनो नको, आणि दुसऱ्या मजल्याचा अड्डाही आहे तसा, पोलिसांच्या मर्जीवर जगणारा, नको. त्यापेक्षा लहान, कंटाळवाणे, उघडे क्लब असू द्यावेत. महापालिका हद्दीत मोजके परवाने. आकार ठरलेला, पन्नास-साठ खुर्च्यांपलीकडे नाही. मालकाने फक्त बसण्याची ठोक फी घ्यायची. डावातून टक्का, ज्याला जुगारी लोक ‘नाल’ म्हणतात, ती काढली की परवाना गेला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची अट हीच, कारण नाल घेणाऱ्याला मोठा डाव हवा असतो आणि ठोक फी घेणाऱ्याला फक्त खुर्ची भरलेली हवी असते. डावाला कमाल मर्यादा, रात्री नऊला कुलूप, उधारी नाही. आणि दाराशी वही, तीत खेळणाऱ्याला अडवायला सांगण्याचा घरच्यांना अधिकार.

ही शेवटची गोष्ट मी सिंगापूरहून उचललेली नाही. आमच्या मॅनेजरने एका सभासदाला सहा आठवडे जाळीच्या दारातून आत घेतलं नव्हतं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि वहिनींनी मॅनेजरला फोन केला होता, ‘भाऊ, लग्न होईस्तोवर यांना बसू नका देऊ.’ माणूस जिन्यात उभा राहून भांडला. आत बसलेल्यांपैकी एकानेही त्याची बाजू घेतली नाही. लग्नाला सगळे जेवायला गेले.

यावर घेता येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. परवाना आला की हप्ता आला, नगरसेवकाचा मेहुणा आला, दोन परवान्यांवर दहा क्लब आले. हे होईल. बारच्या परवान्यांचं काय होतं ते आपण पाहतोच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो बायकांचा आहे. क्लबच्याच एका सभासदाच्या पत्नीने मला तोंडावर ऐकवलं, ‘तुमचा क्लब बंद झाला तर मी पेढे वाटीन. साक्षीदार साक्षीदार काय करता? आम्ही साक्षीदार होऊन होऊन थकलो.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्या बाईंचे महिन्याला पाचसात हजार दुसऱ्या मजल्यावर जातात, आणि त्या पैशांत काय काय येतं याची यादी त्यांना पाठ आहे. क्लब बंद झाल्यावर हे पैसे घरी येतील अशी खात्री असती तर मीही पेढे वाटायला गेलो असतो. पण तीन वर्षांपूर्वी शेजारच्या चौकातला क्लब बंद झाला, तिथले थोडे आमच्याकडे आले, थोडे म्हातारपणाने गेले आणि उरलेल्यांच्या हातात आता काय आहे हे त्यांच्या घरी विचारावं लागेल. घरी विचारूनही कळेलच असं नाही.

राहता राहिले ते खेळणारे आणि त्यांची ती विचित्र हळहळ. मला आधी ती व्यसनाची भाषा वाटली होती, थोडी आहेही. पण त्यांच्यात बसून जे दिसलं ते असं. या माणसांना आपण हरतो हे पक्कं माहीत आहे. सरांजवळ तर १९९४ पासूनचा हिशेब आहे, शाळेच्या हजेरीसारखा आखलेल्या वहीत, आणि बेरीज तांबड्या शाईत. त्यांना जिंकण्याची आशा फारशी राहिलेली नाही. हरल्यावर ‘काय सर, आज काहून असे खेळून रायले?’ असं विचारणारा कोणीतरी समोर असावा, एवढंच त्यांना हवं आहे. फोन हे विचारत नाही. फोन हरल्यावर आणखी शंभराचा बोनस देतो.

मागच्या महिन्यात क्लबचं वीजबिल थकलं आणि लाइन कापायची नोटीस आली. सभासदांची बैठक झाली, पत्ते बाजूला ठेवून, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. फी विसाची पन्नास करा, असं सगळ्यांचं मत पडलं. सभासदांत एक वकील आहेत, त्यांनी हात वर केला. फी वाढवली तर उद्या धाडीत वही सापडल्यावर ती नफ्याची दिसेल, बिल भरायचं तर दुसऱ्या कुठल्या नावाने जमवा. अर्धा तास नावावर खल झाला. क्लबमध्ये एक वर्तमानपत्र येतं, ते बहुतेक वेळा डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून ठेवलेलं असतं; त्याच्या आधारे ‘वाचनालय निधी’ ठरला. प्रत्येकी दोनशे. सरांनी पाचशे दिले आणि पावती मागून घेतली.

बिल भरून साडेसातशे उरले. त्यात नवे कॅट आणायचे की कूलरची मोटर बांधून घ्यायची, यावर हात वर करून मतं घेतली. मोटर जिंकली. राणी आहे तशीच आहे.